भूल आणि आडवाटा

ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर ट्रॉलीवर एक गृहस्थ पडून आहेत. अंगात हिरवा गाऊन, डोक्यावर कागदी टोपी, उजव्या मनगटावर सलाईनची सुई. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात गाठ आहे. ही गोष्ट त्यांना एमआरआयच्या रिपोर्टमुळे कळली आहे, त्यांच्या हातापायांना अजून कळलेली नाही. भूलतज्ज्ञ म्हणतात, ‘‘काका, दोन्ही हात पुढे करा. तळवे वर, प्रसाद घेतो तसे. आता डोळे मिटा.’’ काका हात पुढे करतात. दहा सेकंद होतात, दोन्ही हात सरळ राहतात.

मग भीती कमी व्हावी म्हणून सलाईनच्या नळीतून मिडाझोलाम नावाचं औषध जातं, एक-दोन मिलिग्रॅम. काका झोपलेले नाहीत. नाव विचारलं तर सांगतात, गाव विचारलं तर सांगतात, फक्त आवाज जरा सैल झाला आहे. पुन्हा हात पुढे, पुन्हा डोळे बंद. उजवा हात जागच्या जागी राहतो. डाव्याचा तळवा आत वळायला लागतो आणि तो हात हळूहळू खाली येतो. काकांना पत्ताही नसतो, ते प्रसादाची वाट बघत असल्यासारखे शांत असतात.

अजून कोणी कवटीला स्पर्श केलेला नाही. गाठ काल होती तेवढीच आज आहे. मग हात का पडला?

औषधानं गुंगी आली आणि हात जड झाला, असं म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण गुंगीनं दोन्ही हात जड व्हायला हवेत. इथे एकच पडला आणि तोही गाठीच्या विरुद्ध बाजूचा. मेंदूचा उजवा भाग डावं अंग चालवतो हे आपण शाळेत शिकलेलो असतो, तेव्हा संशय सरळ गाठीवर जातो. 1996 मध्ये एका अमेरिकी गटानं हे पद्धतशीर तपासलं. मेंदूत गाठ असलेल्या किंवा मेंदूच्या रक्तपुरवठ्यात पूर्वी बिघाड झालेल्या लोकांना मिडाझोलाम किंवा फेंटॅनिल थोड्या प्रमाणात दिलं, तर भरून निघालेला किंवा वरवर न दिसणारा दोष पुन्हा वर येतो असं त्यांना दिसलं. पुढे 2016 मध्ये बीजिंगच्या तिआनतान रुग्णालयात चार औषधं शेजारी ठेवून पाहिली गेली. मिडाझोलाम आणि प्रोपोफॉल मिळालेल्या पेशंटमध्ये हा प्रकार बराच दिसला, फेंटॅनिल आणि डेक्समेडेटोमिडीन मिळालेल्यांमध्ये पुष्कळ कमी. म्हणजे प्रश्न नुसत्या गुंगीचा नव्हता, गुंगी कशानं आणली याचाही होता. आणि मिडाझोलामचा उतारा दिला, फ्लुमाझेनिल नावाचं औषध, की हात पुन्हा वर राहतो.

एका पडलेल्या हातात या प्रकरणाचा सगळा ऐवज आहे. भूल म्हणजे काय, गाठ मेंदूत राहून काय करते, आणि दोघी एकत्र आल्या की विचारशक्तीचं काय होतं, हे त्या हाताच्या मागे लागलं की उलगडत जातं.

आपल्या भाषेनं या औषधांना दिलेला शब्द मला फार आवडतो. भूल म्हणजे चूक, भूल म्हणजे विसर, भूल म्हणजे मोह, आणि रानात भूल पडली म्हणजे वाट चुकली. माणूस जागा असतो, पाय चालत असतात, फक्त नेहमीची वाट सापडत नाही. ‘बेशुद्ध करणं’ या शब्दात दिवा विझवल्याची कल्पना आहे, ‘भूल देणं’ या शब्दात वाटा चुकवल्याची. शंभर-दीडशे वर्षं वैद्यकानं पहिली कल्पना धरून ठेवली. गेल्या वीसेक वर्षांत ते दुसरीकडे येऊन पोचलं आहे.

16 ऑक्टोबर 1846 रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानं ईथर हुंगवून एका तरुणाला भूल दिली आणि जॉन कॉलिन्स वॉरन या सर्जननं त्याच्या जबड्याखालच्या गाठीवर शस्त्रक्रिया केली. भुलीचा जाहीर इतिहास असा गाठीपासूनच सुरू होतो, मेंदूतली नसली तरी. त्यानंतर क्लोरोफॉर्म आलं, बार्बिच्युरेट्स आली, हॅलोथेन आलं. औषधं बदलत गेली, पण ती मेंदूत नक्की काय करतात याचं उत्तर बराच काळ ‘मेंदू मंद होतो’ यापलीकडे जात नव्हतं.

आज थिएटरमध्ये सर्रास दिसणारं औषध म्हणजे प्रोपोफॉल. दुधासारखं पांढरं, कारण ते पाण्यात विरघळत नाही म्हणून सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन यांच्यात घुसळून तयार केलेलं असतं. ते शोधणारे जॉन ग्लेन हे मुळात पशुवैद्य. 2018 मध्ये त्यांना या कामासाठी लास्कर पुरस्कार मिळाला. शिरेत जाताना हे औषध चांगलंच झोंबतं, पेशंट ‘हात जळतोय’ म्हणतो आणि वाक्य पुरं व्हायच्या आत झोपी जातो. चेतापेशींवर ‘गाबा’ नावाच्या रसायनाचे स्वीकारक असतात. गाबा तिथे बसलं की पेशी गप्प होते. प्रोपोफॉल आणि मिडाझोलाम ही दोन्ही औषधं याच गप्प करण्याला जोर देतात. डेक्समेडेटोमिडीनची जागा निराळी. ते मेंदूच्या देठातल्या, जाग राखणाऱ्या एका छोट्या केंद्राला शांत करतं. त्याची गुंगी नैसर्गिक झोपेच्या जवळ जाते आणि हाक मारली तर माणूस डोळे उघडतो. हात पडण्यातला फरक यातून थोडा कळायला लागतो.

पण एकेक पेशी गप्प होणं ही झाली गल्लीतली बातमी. शहरात काय होतं ते बघायला उपकरणं लागली. 2012 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी, फिट्सच्या उपचारासाठी मेंदूत आधीच इलेक्ट्रोड बसवलेल्या तीन पेशंटना प्रोपोफॉल देताना नोंदी घेतल्या. शुद्ध गेली त्या क्षणी पेशी मेल्यासारख्या बंद पडल्या नव्हत्या. त्या संथ लयीत थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद होत होत्या. खरी गोम पुढे होती. मेंदूच्या दूरदूरच्या भागांच्या या लयी एकमेकींशी जुळत नव्हत्या. एक भाग बोलायला तयार असायचा तेव्हा दुसरा गप्प असायचा. दुसऱ्याला जाग यायची तोवर पहिला झोपलेला. दोन्ही घरांत माणसं आहेत, दोन्हीकडे फोन आहेत, पण एकाच वेळी दोघं घरी कधीच नसतात.

त्याच्या दोन वर्षं आधी विस्कॉन्सिनमध्ये मिडाझोलामवर एक सुंदर प्रयोग झाला होता. निरोगी माणसाच्या डोक्यावर चुंबकाचा एक ठोका द्यायचा आणि मेंदूतले विद्युत तरंग कुठवर जातात ते बघायचं. जागेपणी तरंग इकडून तिकडे, पुढून मागे, डावीकडून उजवीकडे पसरत जातो, तळ्यात दगड टाकल्यासारखा. मिडाझोलामनं शुद्ध हरपल्यावर तोच ठोका दिला तर तरंग उठतो, पण उठला तिथेच विरतो. दगड तळ्याऐवजी चिखलात पडतो. म्हणजे भागांची कुवत शाबूत असते, भागाभागांमधला संवाद तुटलेला असतो.

या संवादालाच शास्त्रज्ञ ‘कनेक्टिव्हिटी’ म्हणतात. तो मोजण्याची एक सोपी पण डोकेबाज पद्धत 1995 मध्ये भारतीय वंशाच्या भरत बिस्वाल यांनी दाखवली. माणूस एमआरआय यंत्रात काहीही न करता स्वस्थ पडलेला असतानाही हात हलवणारा डावीकडचा भाग आणि उजवीकडचा भाग यांतली रक्ताची भरती-ओहोटी एका ठेक्यात चालते. जे भाग एरवी एकत्र काम करतात, ते रिकामे असतानाही एका तालात श्वास घेतात. पुढे लिएज इथल्या संशोधकांनी प्रोपोफॉल देत देत हे ताल मोजले. डोळ्यांचा आणि कानांचा प्राथमिक ताल भूल चढल्यावरही बराचसा टिकला. मोडला तो आत्मभान, नियोजन, लक्ष यांच्याशी जोडलेल्या, कपाळापासून टाळूच्या मागच्या भागापर्यंत पसरलेल्या लांब जाळ्यांचा. भूल आधी मुख्य रस्ते तोडते, गल्ल्या राहतात.

मुंबईकराला हे मेगाब्लॉकच्या भाषेत चटकन समजेल. रविवारी गाड्या अगदीच बंद नसतात. इंजिनं धड असतात, मोटरमन हजर असतात, स्टेशनांवर दिवे असतात. फक्त जलद मार्गावरची वाहतूक धीम्यावर वळवलेली असते आणि इकडची गाडी तिकडच्या गाडीला मिळत नाही. आता पनवेलच्या एका प्रवाशाची कल्पना करा. त्याचं ऑफिस कुर्ल्याला, आणि हार्बरचा वाशी ते कुर्ला हा तुकडा कित्येक महिने बंद आहे. तो माणूस रडत बसत नाही. पनवेलहून ठाण्याची गाडी पकडतो, तिथून मुख्य मार्गानं मागे कुर्ल्याला येतो. महिन्याभरात त्याला या आडवाटेची इतकी सवय होते की ऑफिसात कोणाला कळतही नाही की याचा मार्ग बदलला आहे. रोज वेळेवर. मग एका रविवारी ठाणे मार्गावर मेगाब्लॉक लागतो. बाकीचे अर्धा तास उशिरा पोचतात. हा पोचतच नाही.

काकांचा डावा हात म्हणजे हा पनवेलचा प्रवासी. गाठीनं नेहमीची वाट केव्हाच अडवली होती. मेंदूनं आडवाट शोधली आणि ती इतकी बेमालूम चालवली की तपासणीत दोन्ही हात सरळ राहिले. मिडाझोलामनं निरोगी मेंदूच्या वाटा थोड्या अरुंद केल्या असत्या. इथे शिल्लक असलेली एकुलती एक वाट बंद झाली. औषधानं नवा दोष निर्माण केला नाही, झाकलेला होता तो उघडा केला.

आता ही आडवाट तयार कशी होते? सगळ्या गाठी सारख्या नसतात. मेनिंजिओमा मेंदूच्या आवरणातून उगवतो आणि मेंदूला बाहेरून दाबतो. घरावर झाड कलंडावं तसा, झाड उचललं की घर बऱ्याचदा सावरतं. ग्लायोमा मेंदूच्या आधारपेशींच्या वंशातला. तो दाबत नाही, शिरतो. तंतूंच्या जुडग्यांमधून सरकत जातो, आणि तो कुठे संपतो व मेंदू कुठे सुरू होतो ही रेघ कोणाला आखता येत नाही. यातले संथ वाढणारे ग्लायोमा वर्षाला सरासरी चारेक मिलिमीटर रुंदावतात. या संथपणातच मेंदूची संधी असते. पक्षाघातात तो भाग काही मिनिटांत जातो, मेंदूला सामान हलवायलाही वेळ मिळत नाही. संथ गाठ मात्र नोटीस देऊन घर खाली करायला लावणाऱ्या मालकासारखी. वर्षानुवर्षं मुदत मिळते, आणि मेंदू बोलण्याचं, हात हलवण्याचं काम थोडंथोडं शेजारी, कधी पलीकडच्या अर्ध्या भागात नेऊन ठेवतो. फ्रान्समधल्या मॉंपेलिए इथले सर्जन ह्यूग द्युफो यांनी अशा शेकडो पेशंटवर काम करून ही लवचीकता जगासमोर आणली. ज्या भागाला पाठ्यपुस्तकं ‘हात लावू नका’ म्हणत होती, तो काढूनही पेशंट बोलत होते, कारण बोलणं तिथून आधीच निघून गेलं होतं. मात्र पृष्ठभागावरचं दुकान हलवता येतं, खालचे पांढऱ्या तंतूंचे महामार्ग हलवता येत नाहीत. ते तुटले तर आडवाट उरत नाही, हाही त्यांचाच धडा.

2019 मध्ये या गोष्टीला एक अंगावर काटा आणणारं वळण मिळालं. स्टॅनफर्ड आणि हायडलबर्ग इथल्या दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं की चेतापेशी घातक ग्लायोमाच्या पेशींशी खरेखुरे जोड बनवतात आणि त्या जोडांतून मिळणाऱ्या विद्युत संदेशांवर गाठ पोसली जाते. गाठ वाटेत पडलेली दरड नाही, ती तारेवर आकडा टाकून बसलेली असते. 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरिता कृष्णा आणि सहकाऱ्यांनी पुढची कडी जोडली. ज्यांच्या ग्लायोब्लास्टोमाचं, म्हणजे घातक ग्लायोमाचं, उरलेल्या मेंदूशी असं नातं घट्ट होतं, त्यांची विचारशक्ती अधिक ढासळलेली होती आणि आयुष्यही कमी निघालं. पेशींच्या गप्पांवर गाठ वाढते म्हटल्यावर भुलीच्या औषधांचा त्या नात्यावर काय परिणाम होत असेल हा प्रश्न कोणालाही सुचेल. प्रयोगशाळेत त्यावर काम सुरू आहे. पेशंटसाठी त्यातून आज काही निष्कर्ष काढणं मात्र उतावीळपणाचं होईल, आणि ‘अमुक भूल घेतली तर कॅन्सर परत येत नाही’ असं कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

भुलीनं मेंदू तोडता येतो, तर तोडून तपासताही येतो, ही कल्पना जुन्या डॉक्टरांनाही सुचली होती. जपानी डॉक्टर जुन वाडा यांनी 1949 मध्ये एक चाचणी मांडली आणि पुढे मॉन्ट्रियलला ती रुजवली. मानेतल्या एका बाजूच्या रोहिणीत अमोबार्बिटाल सोडायचं. काही मिनिटं मेंदूचा तेवढाच अर्धा भाग झोपतो. दोन्ही हात वर धरलेल्या माणसाचा एक हात धपकन पडतो. झोपलेला भाग बोलण्याचा असेल तर आकडे मोजता मोजता माणूस गप्प होतो. अर्धा मेंदू जागा, अर्धा झोपलेला. काकांचा हळू उतरलेला हात या वाडा चाचणीचा लांबचा नातेवाईक म्हणायला हरकत नाही.

याच कल्पनेशी नातं सांगणारी, मेंदूची गाठ काढण्याची आजची एक पद्धत आहे: माणसाला जागं ठेवून. ऐकायला भयंकर वाटतं, पण मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखते ती डोक्याची कातडी आणि मेंदूचं आवरण. म्हणून भूलतज्ज्ञ कपाळापासून मानेपर्यंत ठरावीक नसांभोवती बधिर करणारी इंजेक्शनं देतात. मग प्रोपोफॉलनं झोपवायचं, डोकं तीन खिळ्यांच्या चौकटीत पक्कं करायचं, कवटीचा तुकडा उघडायचा आणि प्रोपोफॉल बंद करून वाट बघायची. हिरव्या कापडाच्या तंबूत एका बाजूला सर्जन आणि उघडा मेंदू, दुसऱ्या बाजूला पेशंटचा चेहरा आणि त्याच्याजवळ स्टुलावर बसलेला भूलतज्ज्ञ. ओठ कोरडे पडलेत म्हणून कापसाचा ओला बोळा लावायचा, ‘पाय अवघडला’ म्हटलं तर उशी सरकवायची, आणि मधेच फिट आली तर सर्जनला बर्फासारखं गार सलाईन मेंदूवर सोडायला सांगायचं. फिट बहुधा तेवढ्यावर थांबते.

पेशंट पुरता जागा झाला की चित्रांची कार्डं सुरू होतात. छत्री, बैल, कंदील. सर्जन मेंदूच्या पृष्ठभागावर दोन टोकांच्या काडीनं काही मिलिॲम्पिअरचा विजेचा झोत देतो, तेवढा ठिपका क्षणभर बंद पडतो. ‘छत्री’ म्हणता आलं नाही तर तिथे आकड्याची चिठ्ठी ठेवायची आणि ती जागा सोडायची. गोम इथेही भुलीचीच. पेशंट अडखळला तो विजेमुळे, गाठीमुळे की रक्तात उरलेल्या प्रोपोफॉलमुळे? म्हणून आदल्या दिवशी सगळी कार्डं दाखवून ठेवतात. तेव्हाच जी चुकली ती गठ्ठ्यातून काढून टाकतात. आणि थिएटरमध्ये वीज लावण्याआधी थोडा वेळ नुसत्याच गप्पा. ज्याला गाठीमुळे आधीच शब्द कष्टानं सापडतात, तो उरलेल्या गुंगीत अधिक अडखळतो. आडवाटेचं गणित तेच.

कार्डांबरोबर एक छोटं वाक्य म्हणवून घेतात. इंग्रजी बोलणारा ‘धिस इज अ’ म्हणतो आणि मग नाव. त्यामुळे जीभ बंद पडली की फक्त शब्द हरवला हे वेगळं कळतं. पहिलं असेल तर वाक्यच सुरू होत नाही, दुसरं असेल तर वाक्य सुरू होऊन नावापाशी अडतं. मराठीत हे वाक्य जसंच्या तसं आणून चालायचं नाही. ‘हा’, ‘ही’ की ‘हे’ हे ठरवायलाच आधी नामाचं लिंग हाताशी लागतं, म्हणजे शब्द अर्धा सापडलेला असतो. ‘चित्रात आहे…’ असं काहीतरी धरावं लागेल. आणि घरी मराठी, ऑफिसात हिंदी, मोबाइलवर इंग्रजी अशा आपल्या पेशंटची कोणती भाषा तपासायची? जॉर्ज ओजमान यांनी सिएटलमध्ये 1978 मध्येच दाखवलं होतं की दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूत काही जागा दोन्हींसाठी सामायिक असतात, तर काही फक्त एकीच्या. मराठी तपासून गाठ काढली आणि हिंदी गेली, असं शक्य आहे. पेशंट दुकानदार असेल तर त्याला ते परवडेल का, हे त्यालाच विचारायला हवं.

हा सगळा खटाटोप कामी येतो का? 2012 मध्ये 8,091 पेशंटच्या प्रसिद्ध नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या. विजेनं चाचपत गाठ काढली तिथे कायमचं गंभीर अपंगत्व 3.4 टक्क्यांना आलं, न चाचपता काढली तिथे 8.2 टक्क्यांना. अर्थात प्रत्येकाला जागं ठेवायची गरज नसते. ज्यांना पूर्ण भूल देतात त्यांच्यातही हातापायांचे मार्ग विद्युत संदेश पाठवून तपासत राहतात. श्वासातून दिली जाणारी औषधं हे संदेश दाबतात म्हणून अशा वेळी भूलतज्ज्ञ शिरेतलं प्रोपोफॉल पसंत करतात. कपाळावर पट्टी लावून भुलीची खोली आकड्यात दाखवणारी यंत्रंही असतात, पण गाठ कपाळामागेच असेल तर त्या आकड्याकडे डोळे झाकून बघता येत नाही.

आता घरच्यांचा प्रश्न, जो प्रत्येक भूलतज्ज्ञाला कॉरिडॉरमध्ये कधी ना कधी गाठतो. ‘‘डॉक्टर, ऑपरेशननंतर बाबा पूर्वीसारखे राहिले नाहीत. भूल जास्त झाली का?’’

संशय अगदी निराधार नाही. 1998 मध्ये अनेक देशांत मिळून झालेल्या अभ्यासात साठीच्या पुढच्या 1,218 लोकांवर, मेंदू आणि हृदय सोडून इतर मोठ्या शस्त्रक्रियांनंतर, चाचण्या केल्या. आठवड्यानं 25.8 टक्के लोकांची स्मृती किंवा एकाग्रता खालावलेली आढळली, तीन महिन्यांनी 9.9 टक्के. पण यात भूल किती आणि शस्त्रक्रियेनं अंगात उठणारा दाह, वय, झोपमोड, वेदना किती, हे वेगळं काढता येत नाही. नुसती भूल, शस्त्रक्रियेविना, कशी असते हे 2021 मध्ये अमेरिकेत तीस निरोगी तरुण माणसांवर पाहिलं गेलं. तीन तास खोल भूल, कापाकापी काही नाही. जागं झाल्यावर दर अर्ध्या तासानं कोडी घातली. अंदाज असा होता की तर्क आणि नियोजन सगळ्यात शेवटी परतेल. झालं उलटं: अमूर्त ताळमेळ लावणं ही कुवत सगळ्यात आधी परतली, आणि तीनेक तासांत सगळे मूळपदावर आले. निरोगी मेंदू भुलीतून बाहेर येताना आधी घराचा कारभारी उठवतो असं दिसतं. कमी भूल म्हणजे कमी नुकसान, हे समीकरणही साधं नाही. 2019 मधल्या एका मोठ्या चाचणीत, मेंदूचे तरंग बघून भूल मापात ठेवली तरी वृद्धांमधला ऑपरेशननंतरचा भ्रम कमी झाला नाही, 26 टक्के विरुद्ध 23.

मेंदूच्या गाठीच्या पेशंटबाबत माझं मत सांगायचं तर, भूल बहुतेकदा उगाच बदनाम होते. जर्मनीत 139 पेशंटची ऑपरेशनच्या आधीच कसून परीक्षा घेतली गेली तेव्हा नव्वद टक्क्यांहून जास्त जणांत लक्ष, स्मृती, नियोजन यांपैकी काही ना काही ढिलं झालेलं होतंच. घरच्यांनी ते वयावर, स्वभावावर, निवृत्तीवर ढकललेलं असतं. ऑपरेशन ही कॅलेंडरवरची ठळक तारीख, म्हणून ‘आधी’ आणि ‘नंतर’ तिथून मोजलं जातं. त्यात भर सूज, फिट्स, फिट्सची औषधं, स्टेरॉइड, पुढे रेडिएशन यांची. प्रोपोफॉल तोवर शरीराबाहेर जाऊन महिने झालेले असतात. एका औषधाऐवजी दुसरं वापरल्यानं सहा महिन्यांनंतरचं डोकं अधिक चांगलं राहतं, असा भक्कम पुरावा गाठीच्या पेशंटमध्ये अजून नाही. ऑपरेशननंतरचे पहिले काही तास मात्र भुलीचे असतात. त्या तासांत सर्जनला पेशंट लवकर आणि स्वच्छ जागा हवा असतो, ‘जीभ दाखवा, हात दाबा’ म्हटलं तर कळावं म्हणून. डावा हात उठला नाही तर ती भूल आहे की आत रक्तस्राव, हे ठरवायला वेळ थोडा असतो. तेव्हा सकाळी ट्रॉलीवर हात कसा पडला होता ही नोंद उपयोगी येते.

‘पूर्वीसारखे राहिले नाहीत’ याचा अर्थ काय असतो, हे सांगणारी सगळ्यात बोलकी नोंद मॉन्ट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांची. जागेपणी मेंदूचा नकाशा काढण्याची पद्धत त्यांच्याच हातून नावारूपाला आली. 1928 मध्ये त्यांनी स्वतःच्या बहिणीच्या मेंदूतली गाठ काढली, आणि तिच्याबरोबर उजवीकडचा कपाळामागचा बराच मोठा भाग काढावा लागला. बाई ऑपरेशनमधून सावरल्या. बोलणं, चालणं, विनोद, आप्तांवरची माया, काही बिघडलं नव्हतं. पंधरा महिन्यांनी त्यांनी भावाला जेवायला बोलावलं. घरची चार माणसं आणि एक पाहुणा. साधाच बेत, हजारदा केलेला. पेनफिल्ड पोचले तेव्हा सगळं सामान स्वयंपाकघरात होतं, एक-दोन पदार्थ चुलीवर होते, पण कोशिंबीर तयार नव्हती, मांसाला हात लागलेला नव्हता, आणि बहीण बराच वेळ एकटीनं धडपडून गोंधळून, कष्टी होऊन उभी होती. प्रत्येक पदार्थ तिला येत होता. कोणता आधी, कोणता नंतर, हे जुळत नव्हतं.

हात पुढे करायला लावणाऱ्या तपासणीत ती बाई पैकीच्या पैकी मिळवून गेली असती. म्हणूनच काही जाणकार मंडळी ओपीडीत आलेल्या पेशंटचे हातपाय तपासून झाले की फाइल मिटण्याआधी बरोबरच्या माणसाकडे वळून विचारतात, ‘‘घरी पाहुणे आले तर स्वयंपाकाचं सगळं यांचं या बघतात का? की आता कोणीतरी शेजारी उभं राहावं लागतं?’’